वाचकांचे प्रश्न : ४०३, ५०२ आणि ७७७ चा मोह

या वेळच्या टपालात सर्व्हरवर ॲप चढवताना अडलेल्यांची पत्रं सगळ्यात जास्त होती. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. सगळ्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत, आणि मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. एन्जिनएक्स (एन-जी-आय-एन-एक्स) म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या घेणारा वेबसर्व्हर, आणि चमोड (सी-एच-एम-ओ-डी) म्हणजे परमिशन बदलणारी आज्ञा. ४०३ म्हणजे 'मनाई', ५०० म्हणजे सर्व्हरमधला बिघाड, ५०२ म्हणजे एन्जिनएक्सला मागच्या ॲपकडून नीट उत्तर मिळालं नाही.

प्रश्न : लातूरला आमचे क्लासेस आहेत. सराव परीक्षेच्या निकालाचं साधं एचटीएमएल पान जुन्या सर्व्हरवर, उबुंटू २०.०४ वर, चार वर्षं बिनबोभाट चाललं. आता २४.०४ चा नवा सर्व्हर घेतला. तेच फोल्डर, तीच एन्जिनएक्सची कॉन्फिग. फायलींना ६४४ दिलं, फोल्डरला ७५५ दिलं, शेवटी वैतागून ७७७ पण दिलं, तरी ४०३ च दाखवायलंय. फोल्डर /होम/निकाल/साइट इथं आहे.
— एक वाचक, लातूर

उत्तर : 'साइट' फोल्डर निर्दोष आहे. अडचण त्याच्या एक पायरी वर, 'निकाल' या होम फोल्डरात आहे. उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० परमिशनने बनवायला सुरुवात केली. एन्जिनएक्सचा वर्कर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरखाली चालतो. तो 'निकाल'चा मालक नाही, त्या ग्रुपातही नाही. परमिशनचे तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतर यांचे. म्हणजे त्याच्या वाट्याला शेवटचा आकडा येतो, आणि तो आहे शून्य. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद ठेवून आतल्या खोल्या सताड उघडल्यासारखं झालं आहे.

फोल्डरच्या बाबतीत आकड्यांचा अर्थ नीट लक्षात ठेवा. ४ म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी बघता येते, २ म्हणजे आत फाइल बनवता-पुसता येते, आणि १ म्हणजे त्यातून पुढे जाता येतं. ७ म्हणजे ही तिन्ही मिळून, ५ म्हणजे ४ आणि १. फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर हा १ लागतो. एकावरही नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

आधी हे चालवा :

नेमआय -एल /होम/निकाल/साइट/इंडेक्स.एचटीएमएल

आज्ञेची अक्षरं एन-ए-एम-ई-आय. ती मुळापासून फाइलपर्यंतचा प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीत दाखवते, मालक आणि ग्रुपसकट. 'निकाल'च्या ओळीत परमिशनच्या शेवटच्या तीन जागी नुसत्या आडव्या रेघा दिसतील. मग खात्री करून घ्या :

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा स्टॅट /होम/निकाल/साइट/इंडेक्स.एचटीएमएल

ही आज्ञा एन्जिनएक्सच्याच युजरचं सोंग घेऊन फाइल गाठायचा प्रयत्न करते. इथे 'परमिशन डिनाइड' आलं तर ब्राउझरमध्येही तेच होणार. दुरुस्ती झाल्यावर हीच आज्ञा परत चालवायची. ब्राउझरमधल्या कॅशेच्या नादी लागू नका.

आमच्या मते चांगला उपाय म्हणजे साइट होममधून उचलून /वार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/निकाल इथे नेणं आणि कॉन्फिगमधली 'रूट' ओळ बदलणं. होम फोल्डरात एसएसएचच्या किल्ल्या असतात, आज्ञांचा इतिहास असतो. वेबसर्व्हरचं तिथे काम नाही. नेणं शक्य नसेल तर फक्त एका युजरपुरती वाट उघडा :

सेटएफएसीएल -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स /होम/निकाल

यानंतर एलएस -एल मध्ये त्या फोल्डरपुढे अधिकचं चिन्ह दिसतं. मात्र पुढे कोणी त्या फोल्डरला चमोड ७०० केलं तर ही खास परवानगीही निकामी होते, कारण मधला आकडा तिच्यावरचा मुखवटा म्हणून वापरला जातो. 'काल चालत होतं, आज बंद' अशा तक्रारींत हे कारण बऱ्याचदा निघतं.

७७७ आता मागे घ्या :

फाइंड /होम/निकाल/साइट -टाइप डी -एक्झेक चमोड ७५५ {} +
फाइंड /होम/निकाल/साइट -टाइप एफ -एक्झेक चमोड ६४४ {} +

आणखी एक. हाच दोष कॉन्फिगप्रमाणे वेगवेगळ्या आकड्याने समोर येतो. तुमच्याकडे तो ४०३ झाला. 'ट्राय_फाइल्स'च्या शेवटी '=४०४' लिहिलेलं असेल तर तोच दोष ४०४ म्हणून दिसतो, आणि माणूस हरवलेली फाइल शोधत बसतो. रिॲक्टसारख्या ॲपसाठी शेवटी '/इंडेक्स.एचटीएमएल' लिहिलेलं असेल तर एन्जिनएक्स त्याच त्या पानाकडे गोल गोल फिरतो आणि ५०० देतो. तिन्ही वेळा /वार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग मध्ये '१३: परमिशन डिनाइड' सापडतं. पडद्यावरचा आकडा फसवतो, लॉगमधला फसवत नाही. याउलट लॉगमध्ये १३ नसून 'डिरेक्टरी इंडेक्स ऑफ … इज फॉरबिडन' असेल, तर परमिशन ठीक आहे. त्या फोल्डरात इंडेक्स फाइलच नाही. बहुतेक वेळा ती 'बिल्ड' किंवा 'डिस्ट' नावाच्या आतल्या फोल्डरात राहिलेली असते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं जँगोचं ॲप ऑफिसातल्याच सर्व्हरवर चालतं. गुनिकॉर्न, पुढे एन्जिनएक्स, उबुंटू. दुपारी लाइट गेली, यूपीएस उतरला, सर्व्हर बंद पडला. लाइट आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण ॲप ५०२ देतं. याआधीही एकदा असंच झालं होतं. तेव्हा हाताने काहीतरी फोल्डर बनवून चालू केलं होतं, आता आठवत नाही.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ते 'काहीतरी फोल्डर' हेच कारण आहे. गुनिकॉर्न, म्हणजे जँगोचं ॲप चालवणारा प्रोग्रॅम, एन्जिनएक्सशी ज्या खास फाइलमधून बोलतो ते सॉकेट /रन च्या आत एखाद्या फोल्डरात ठेवलेलं असणार, आणि ते फोल्डर कोणीतरी एमकेडीआयआरने हाताने बनवलेलं असणार. /रन हे डिस्कवर नसतं, मेमरीत असतं. सर्व्हर बंद झाला की त्यातलं सगळं जातं. लाइट आल्यावर गुनिकॉर्न सॉकेट बनवायला गेला, फोल्डर सापडलं नाही, तो मेला. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'रिस्टार्ट' चालू असेल तर सिस्टमडी, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याला पुन्हा पुन्हा उठवतो, आणि दहा सेकंदांत पाच वेळा उठवून झालं तर नाद सोडतो. सिस्टमडीची ठरलेली मर्यादा तेवढीच आहे. तसं झालं तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असं दिसेल. ते वाचून घाबरू नका, खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत असतं.

आता हाताने फोल्डर बनवू नका, नाहीतर पुढच्या भारनियमनात पुन्हा हेच. युनिट फाइलमध्ये 'सर्व्हिस' या भागात एक ओळ घाला :

रनटाइमडिरेक्टरी=पतसंस्था

यात आर आणि डी मोठे, आणि बरोबरच्या उजवीकडचं नाव तुमच्या फोल्डरचं. सर्व्हिस सुरू होताना सिस्टमडी स्वतः /रन/पतसंस्था बनवतो, 'युजर' ओळीतल्या युजरला त्याचा मालक करतो, ७५५ परमिशन देतो, आणि सर्व्हिस थांबली की फोल्डर काढून टाकतो. गुनिकॉर्नच्या 'बाइंड'मध्ये आणि एन्जिनएक्सच्या 'प्रॉक्सी_पास'मध्ये सॉकेटचा पत्ता अक्षरशः एकच आहे ना, ते पाहा. मग :

सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड गुनिकॉर्न
सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट गुनिकॉर्न
सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड गुनिकॉर्न

शेवटच्या आज्ञेचं उत्तर 'डिसेबल्ड' आलं तर सर्व्हर सुरू होताना ती सर्व्हिस आपोआप उठणारच नाही. 'एनेबल' करून टाका. हे सगळं झाल्यावर सुट्टीच्या दिवशी सर्व्हर मुद्दाम एकदा रीबूट करा. ही परीक्षा लाइटीने घेण्यापेक्षा आपण घेतलेली बरी.

५०२ आला की एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'कनेक्टिंग टू अपस्ट्रीम' या शब्दांजवळचा आकडा बघायची सवय लावा. २ म्हणजे सॉकेटची फाइलच नाही, तुमच्याकडे हेच निघेल. १११ म्हणजे पत्ता बरोबर पण पलीकडे ऐकणारं कोणी नाही. ॲप बंद आहे, किंवा मेलेल्या प्रोसेसचं जुनं सॉकेट पडून आहे. ११ म्हणजे ॲप जिवंत आहे, पण रांग भरली आहे. १३ म्हणजे सॉकेट दिसतं, पण आत जाऊ देत नाही. त्यासाठी वाटेतल्या फोल्डरांवर १ आणि खुद्द सॉकेटवर लिहिण्याची परवानगी, दोन्ही लागतं. पीएचपीची ॲप चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये ही परवानगी पूल फाइलमधल्या 'लिसन.ओनर', 'लिसन.ग्रुप' आणि 'लिसन.मोड' या तीन ओळींतून मिळते. सॉकेटला हाताने चमोड करण्यात अर्थ नाही, रिस्टार्टनंतर ते नव्याने बनतं.

सॉकेट /टीएमपी मध्ये ठेवून 'फाइल दिसते, तरी २ येतो' असं म्हणणारेही भेटतात. ज्या युनिटमध्ये 'प्रायव्हेटटीएमपी' चालू असतं, त्या सर्व्हिसला तिचं स्वतःचं वेगळं /टीएमपी मिळतं. तुम्ही बघता ते आणि ती सर्व्हिस बघते ते, ही दोन निराळी फोल्डरं आहेत.

अचानक लाइट गेल्याचा आणखी एक परिणाम तपासून घ्या. फाइलसिस्टिममध्ये चूक आढळली तर लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती जोडू शकतो. मग लॉगमध्ये '३०: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' येतं. तिथे चमोड, चाउन (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, मालक बदलणारी आज्ञा) काहीही चालत नाही. आधी बॅकअप काढा, मग डिस्क सोडवून एफएससीके ही डिस्क तपासणारी आज्ञा चालवा.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रंथालयासाठी नोडमध्ये पुस्तकशोध बनवला. ॲप ३००० पोर्टवर चालतं, सर्व्हरवर कर्लने उत्तर येतं. एन्जिनएक्समधून मात्र ५०२. लॉगमध्ये १३ परमिशन डिनाइड आहे. पण इथे फाइलच नाही, पोर्ट आहे. परमिशन कशाला देऊ? अल्मालिनक्स ९ आहे, उबुंटूसाठीचा धडा बघून केलं.
— एक वाचक, परभणी

उत्तर : प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पोर्टकडे जाताना १३ आला तर ते काम एसईलिनक्सचं, म्हणजे लिनक्समधल्या परमिशनच्या वरच्या जादा पहारेकऱ्याचं. उबुंटूत तो चालू नसतो, म्हणून त्या धड्यात त्याचा उल्लेख नाही. अल्मा, रॉकी आणि रेड हॅटच्या घराण्यात तो पहिल्या दिवसापासून चालू असतो, आणि वेबसर्व्हरने स्वतःहून दुसऱ्या पोर्टशी जोडणी करायला त्याची मनाई असते. परवानगी अशी द्या :

सुडो सेटसीबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १

आज्ञेची अक्षरं एस-ई-टी-एस-ई-बी-ओ-ओ-एल. 'पी' मोठा, आणि तो विसरलात तर रीबूटनंतर परवानगी जाते. आज्ञेला काही सेकंद लागतात, अडकली असं समजून मध्येच तोडू नका. नाव एचटीटीपीडीचं असलं तरी ती एन्जिनएक्सलाही लागू आहे.

याच घराण्यातली दुसरी ठेच म्हणजे एमव्ही. प्रत्येक फाइलवर एसईलिनक्सचं एक लेबल असतं, एलएस -झेड मध्ये दिसतं, झेड मोठा. होममधून सीपी केलेली फाइल नव्या जागेचं लेबल घेते. एमव्हीने हलवलेली फाइल होमचंच लेबल घेऊन येते, आणि ६४४ असूनही एन्जिनएक्सला ती वाचता येत नाही. उपाय एका ओळीचा :

सुडो रिस्टोरकॉन -आर -व्ही /वार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/ग्रंथालय

इथे 'आर' मोठा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो वेबसर्व्हरच्या मार्फत एखाद्या फोल्डरात लिहायचे असतील तर त्या फोल्डराला एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्टने एचटीटीपीडी_एसवायएस_आरडब्ल्यू_कॉन्टेंट_टी हे लेबल नेमून मग रिस्टोरकॉन चालवावं लागतं. एसईमॅनेज सापडत नसेल तर पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स हे पॅकेज बसवा.

संशय नक्की करायला 'सेटएनफोर्स ०' करून दोन मिनिटं बघायला हरकत नाही. पान आलं तर कारण सापडलं. लगेच 'सेटएनफोर्स १' करा आणि 'सुडो एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट' मध्ये नेमकं काय अडलं ते वाचा. एसईलिनक्स कायमचा बंद करा असा सल्ला देणारे बरेच भेटतील. तो आम्ही देणार नाही.

प्रश्न : फोल्डरला परमिशन देताना चुकून सगळ्या सर्व्हरलाच ७७७ लागलं. आज्ञा अशी दिली होती : सुडो चमोड -आर ७७७ / वार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/ॲप. आता सुडो चालत नाही, एसएसएचपण घेईना. काय करू?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पहिल्या तिरप्या रेघेनंतर एक जागा सुटली आहे. त्यामुळे चमोडला दोन पत्ते मिळाले. पहिला '/', म्हणजे सगळा सर्व्हर. आरएम अशा वेळी आपणहून थांबतो, चमोड थांबत नाही.

एसएसएचची एखादी खिडकी अजून उघडी असेल तर ती बंद करू नका, आणि सर्व्हर रिस्टार्ट करू नका. एसएसएच स्वतःच्या किल्लीच्या फायली सगळ्यांना वाचता येताहेत असं पाहिलं की त्या नाकारतो. युजरचं होम किंवा ऑथराइज्ड_कीज इतरांना लिहिता येत असेल तर किल्लीने प्रवेशही नाकारतो. सुडोचं दुखणं वेगळं आहे. त्याच्या फायलीवर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालण्याची खास खूण असते, ७७७ ने ती पुसली.

सर्व्हर भाड्याचा असेल तर कंपनीच्या पॅनेलमधून कन्सोल किंवा रेस्क्यू मोड उघडा, रूट म्हणून आत शिरा आणि या क्रमाने जा :

चमोड ७५५ /
चमोड ४७५५ /यूएसआर/बिन/सुडो
चमोड ४४० /ईटीसी/सुडोअर्स
चमोड ६४० /ईटीसी/शॅडो
चमोड ६०० /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_*_की
चमोड १७७७ /टीएमपी
चमोड ७५० /होम/तुमचा-युजर
चमोड ७०० /होम/तुमचा-युजर/.एसएसएच
चमोड ६०० /होम/तुमचा-युजर/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज

रेस्क्यू मोडमध्ये तुमची डिस्क वेगळ्या जागी जोडलेली असते, म्हणून प्रत्येक पत्त्याआधी ती जागा लिहा. नाहीतर रेस्क्यूच्याच सिस्टिमची दुरुस्ती होईल आणि तुमची डिस्क तशीच राहील.

एवढं करून आत शिरता येईल, पण सर्व्हर पूर्ववत झाला असं समजू नका. डेटाबेसच्या फायली, क्रॉनच्या फायली, एसएसएलच्या किल्ल्या, हजारो जागी परमिशन बिघडलेल्या आहेत. आरपीएमच्या घराण्यात 'आरपीएम --सेटपर्म्स -ए' पॅकेजमधल्या फायलींच्या परमिशन परत लावतो. उबुंटूत असं एका ओळीचं औषध नाही. आमचा सरळ सल्ला : आत शिरायचं ते डेटा बाहेर काढायला. डेटाबेसचा डंप, अपलोड झालेल्या फायली, कॉन्फिग घ्या आणि नवा सर्व्हर उभा करा. दिवसभराचं काम आहे, पण जुना दुरुस्त करायला गेलात तर महिनाभर एकेक सर्व्हिस रुसत राहील. अजून बिघाड झाला नसेल त्यांच्यासाठी : पत्ता टाइप करताना टॅब दाबून पुरा करा, म्हणजे अशी जागा सुटत नाही.

प्रश्न : दूध संकलनाच्या नोंदीचं छोटं ॲप आहे, डेटाबेस एसक्यूलाइट. नोंदी वाचता येतात, नवी नोंद केली की 'अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस'. डेटाबेसच्या फाइलला ६६६ दिलं तरी तेच.
— एक वाचक, केज

उत्तर : फाइल लिहिण्याजोगी असून भागत नाही, ती ज्या फोल्डरात आहे ते फोल्डरही लिहिण्याजोगं लागतं. एसक्यूलाइट लिहिताना शेजारीच जर्नलची तात्पुरती फाइल बनवतो. मध्येच लाइट गेली तर अर्धवट नोंद मागे घेता यावी म्हणून ती सोय आहे. फोल्डरात फाइल बनवता आली नाही की तो लिहायचंच नाकारतो.

फोल्डर वेबच्या रूटबाहेर घ्या :

सुडो एमकेडीआयआर /वार/लिब/दूध
सुडो एमव्ही डीबी.एसक्यूलाइट३ /वार/लिब/दूध/
सुडो चाउन -आर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा: /वार/लिब/दूध
सुडो चमोड ७५० /वार/लिब/दूध
सुडो चमोड ६४० /वार/लिब/दूध/डीबी.एसक्यूलाइट३

हलवण्याआधी ॲप थांबवा. चाउनमधला 'आर' मोठा. ॲप वेगळ्या युजरखाली चालत असेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या जागी त्याचं नाव. शेजारी -डब्ल्यूएएल आणि -एसएचएम अशा शेपटाच्या फायली दिसल्या तर त्याही सोबत न्या, पहिलीत न मिसळलेल्या नोंदी असू शकतात. डेटाबेस वेबच्या रूटमध्ये असेल तर पत्ता ओळखणारा कोणीही तो अख्खा उतरवून घेईल, हे ६६६ पेक्षा जास्त धोक्याचं. '.ईएनव्ही' फाइल आणि '.गिट' फोल्डरलाही हेच लागू.

यापुढे 'मायग्रेट' वगैरे आज्ञा सुडोने चालवू नका. तेव्हा बनलेल्या फायलींचा मालक रूट होतो आणि दुसऱ्या दिवशी ॲप अडतं. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या स्टोरेज फोल्डरातल्या लॉगचा ५०० बहुतेक असाच जन्मतो. 'सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' लावून चालवा.

प्रश्न : टर्मिनलवरून स्टार्ट.एसएच चालवलं की ॲप व्यवस्थित उठतं. सिस्टमडीच्या सर्व्हिसमधून 'स्टेटस=२०३/एक्झेक'. फाइलला ७५५ आहे.
— एक वाचक, जालना

उत्तर : २०३ म्हणजे सिस्टमडीला ती फाइल चालवताच आली नाही. ॲपच्या आतला दोष अजून सुरूच झालेला नाही. याचे भाऊबंदही ओळखून ठेवा : २०० म्हणजे 'वर्किंगडिरेक्टरी' सापडली नाही किंवा तिथे शिरता आलं नाही, २१७ म्हणजे 'युजर' ओळीतला युजर अस्तित्वात नाही.

७५५ असताना २०३ येण्याची कारणं मोजकी. पहिल्या ओळीत '#!/बिन/बॅश' नसेल. टर्मिनलमधला बॅश अशी फाइलही समजून घेतो, सिस्टमडी घेत नाही. किंवा तुम्ही 'बॅश स्टार्ट.एसएच' असं चालवत असाल आणि पहिल्या ओळीतला पत्ता चुकीचा असेल. किंवा फाइल विंडोजवर संपादित झाली असेल. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर ठेवतो, त्यामुळे लिनक्स '/बिन/बॅश' आणि पुढे ते अक्षर, अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतो. 'कॅट -ए स्टार्ट.एसएच', ए मोठा, असं चालवा. ओळींच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीचं चिन्ह आणि मोठा एम दिसला तर हेच. 'डॉस२युनिक्स स्टार्ट.एसएच' ने साफ होईल.

ते सुटल्यावर कदाचित डेटाबेसचा पासवर्ड सापडत नाही अशी पुढची चूक येईल. बॅशआरसीमध्ये ठेवलेल्या किमती सिस्टमडी वाचत नाही. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवून युनिटमध्ये 'एन्व्हायर्नमेंटफाइल' (ई आणि एफ मोठे) ओळीने तिचा पत्ता द्या. त्या फाइलमध्ये 'एक्सपोर्ट' शब्द लिहू नका, तशी ओळ सिस्टमडी सोडून देतो आणि फक्त जर्नलमध्ये कुरकुर करतो. फाइल रूटच्या मालकीची आणि ६०० ठेवा. ॲपच्या युजरला ती वाचता आली नाही तरी चालतं, सिस्टमडी ती आधीच वाचून किमती हातात देतो.

प्रश्न : शेताच्या पंचनाम्याचे फोटो चढवायचं ॲप, पीएचपी. मोबाइलचा फोटो चढवला की ४१३.
— एक वाचक, औसा

उत्तर : ४१३ म्हणजे पाठवलेली विनंती फार मोठी. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही. 'सर्व्हर' भागात 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज १२एम;' लिहा. अर्धविराम विसरू नका. मग पीएचपीची पाळी. तिथे एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि सगळ्या फॉर्मची ८ एमबी असते. 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइज' १०एम आणि 'पोस्ट_मॅक्स_साइज' १२एम करा. तिन्हींत जो आकडा लहान, तोच चालतो. बदल /ईटीसी/पीएचपी मधल्या तुमच्या आवृत्तीच्या 'एफपीएम' फोल्डरातल्या पीएचपी.आयएनआयमध्ये करायचा. शेजारच्या 'सीएलआय' फोल्डरातली फाइल वेबसाठी नसते, आणि निम्मे लोक तीच बदलून बसतात. एफपीएम रिस्टार्ट करा.

छोटा फॉर्म जातो पण फोटोवर ५०० येतो, असं झालं तर एरर लॉगमध्ये /वार/लिब/एन्जिनएक्स/बॉडी शोधा. मोठी विनंती एन्जिनएक्स आधी तिथे उतरवून ठेवतो. एन्जिनएक्सच्या युजरला त्या फोल्डरात लिहिता येत नसेल तर ती तिथेच अडते, आणि छोट्या विनंत्या मेमरीतच भागत असल्याने इतके दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : कॉन्फिग बदलली, एन्जिनएक्स रीलोड केला, 'एन्जिनएक्स -टी' ओके म्हणतो, तरी 'वेलकम टू एन्जिनएक्स'च दिसतं.
— एक वाचक, वसमत

उत्तर : तुमची फाइल एन्जिनएक्स वाचतच नसेल. 'सुडो एन्जिनएक्स -टी', इथे टी मोठा, चालवा. छोटा टी फक्त तपासतो, मोठा टी वाचलेली सगळी कॉन्फिग छापून दाखवतो. त्यात तुमच्या साइटचं नाव शोधा. नसेल तर साइट्स-एनेबल्डमधली लिंक नाही. एलएन -एस देताना साइट्स-अव्हेलेबलमधल्या फाइलचा पत्ता '/ईटीसी' पासून पूर्ण लिहा. नाव सापडलं तर 'सर्व्हर_नेम' मध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सहित आणि विरहित दोन्ही पत्ते आहेत का ते पाहा, आणि साइट्स-एनेबल्डमधली 'डिफॉल्ट'ची लिंक काढून टाका.